आवड की पगार? आधी रोजचं काम तरी बघा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनचे दिवस आले की पत्रांच्या पानावर हा वाद हमखास सुरू होतो. एका बाजूला "मुलांना जे आवडतं ते शिकू द्या" म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला "आवडीने पोट भरत नाही, आधी स्कोप बघा" म्हणणारे. दोन्हीकडची माणसं कळकळीने लिहितात यात शंकाच नाही. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे या वादाचा घरात जो काही निकाल लागतो तो घेऊन मुलं थेट माझ्या वर्गात येऊन बसतात, अर्थशास्त्राची, मानसशास्त्राची, कॉम्प्युटरची, बायोलॉजीची, कारण या सगळ्यांनाच आमचा पेपर थोडाफार असतोच. इतक्या बॅचेस बघितल्यावर मला जे वाटतं ते एकदा लिहून काढावं म्हणून हे पत्र. लांबलंय, पण शक्य तेवढं छापा ही विनंती.

मला दिसतं ते असं, की आवडीने आलेलं मूल काय आणि पगार बघून आलेलं मूल काय, दोघांनीही निवडलेलं असतं ते कोर्सचं नाव. "सायकॉलॉजी", "डेटा सायन्स", "लॉ", "आर्किटेक्चर". त्या नावाखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस नेमकं काय करतो हे दोघांनाही कुणी दाखवलेलं नसतं. घरात दोन-दोन महिने वाद झालेले असतात, रडारड झालेली असते, एखाद्या काकांना मध्ये घातलेलं असतं, आणि एवढं सगळं होऊनही "ते काम करणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसून ये" असं त्या मुलाला कुणीच म्हटलेलं नसतं. आवड विरुद्ध पगार असा सामना लावला की हा प्रश्न बाजूलाच पडतो, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच विचारायला हवा.

माझ्या वर्गातलंच सांगते. पहिल्या काही आठवड्यांत मी मुलांना एका सर्व्हेची फाइल देते, मुद्दाम साफ न केलेली. तारखेच्या कॉलममध्ये कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी, कुठे सगळं अक्षरात. एकाच गावाचं नाव चार स्पेलिंगांनी. वयाच्या कॉलममध्ये मध्येच "अठ्ठावीस" असं शब्दात, कुठे रिकामं, कुठे शून्य, आणि काही ठिकाणी वय चक्क २०८, ३०५. मी सांगते की आज फॉर्म्युला नाही, ग्राफ नाही, ही फाइल फक्त मोजण्यालायक करून द्या. एका वर्षी वर्गात एक मुलगा होता, डेटा सायन्सचं पॅकेज ऐकून आलेला, हुशार, गणितात पक्का. अर्ध्या तासात त्याने हात वर केला, "मॅम, हे ठीक आहे, पण खरं ॲनालिसिस कधी करायचं?" त्याच ओळीत एक मुलगी बसायची, तिला खरं तर साहित्य घ्यायचं होतं, घरच्यांनी "त्याला स्कोप नाही" म्हणून इकडे पाठवलेली, पहिल्या दिवसापासून चेहरा पाडून बसलेली. ती बेल झाल्यावरही उठली नाही. जवळ गेले तर म्हणाली, मॅम, हे दोनशे-तीनशे वयाचे सगळे फॉर्म एकाच माणसाने भरलेत, बघा ना, त्याच्या प्रत्येक एंट्रीत दोन आकड्यांच्या मध्ये शून्य पडलंय, म्हणजे २०८ हे २८ असणार आणि ३०५ हे ३५, बाकीच्यांच्या फॉर्ममध्ये असं एकदाही नाहीये. फॉर्म कुणी भरला तो कॉलम तिने कुणी न सांगता उघडून बघितला होता. आकड्यामागे कोण माणूस बसलाय हे शोधायची तिला ओढ होती, कदाचित गोष्टी वाचून वाचूनच लागलेली असेल, हा आपला माझा अंदाज.

यावरून आईवडिलांचंच बरोबर असतं असा अर्थ कृपया कुणी काढू नका. घरच्यांनी नाव ऐकून तिला पाठवलं, तिने नाव ऐकूनच नाक मुरडलं, आणि त्या मुलाने नाव ऐकून होकार दिला. ती फाइल तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हती. डेटावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसाचा मोठा भाग असल्या साफसफाईतच जातो, आणि ज्याला ती टोचते त्याला पुढचं मॉडेल कितीही भारी वाटो, त्याचे दिवस जड जाणार. तो मुलगा नापास झाला वगैरे अजिबात नाही, चांगले मार्क मिळवले त्याने, पण वर्षभर तो "खरं काम" सुरू व्हायची वाट बघत राहिला आणि खरं काम तर पहिल्याच महिन्यात त्याच्यासमोर येऊन गेलं होतं.

प्रत्येक लाइनमध्ये अशी एक फाइल असते. वकिली म्हणजे कोर्टातलं भाषण असं ज्याला वाटतं त्याला कागद वाचणं, कागद बनवणं आणि पुढच्या तारखेची वाट बघणं यात किती तास जातात ते कुणी सांगत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात नवीन आलेली मुलं दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगमध्ये जिने आणि टॉयलेटची मापं दुरुस्त करत असतात, क्लायंटने मन बदललं की पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरकीत थरारक केस कधीतरी येते आणि तोच ताप, तीच पाठदुखी, तेच कागद भरणं रोज येतं. इतिहासात दिवसेंदिवस जुन्या दप्तरात डोकं घालून बसायचं आणि हाताला एक ओळ लागायची. मानसशास्त्राचं तर मी अगदी जवळून बघते, माणसांची मनं समजून घ्यायची म्हणून उत्साहाने आलेली मुलं पहिल्या प्रॅक्टिकलला सेकंदाच्या हजाराव्या भागात रिॲक्शन टाइम नोंदवतात आणि मग ती वही घेऊन माझ्याकडे येतात, मॅम आम्हाला स्टॅट्स का आहे? काहींचा विरस होतो. आणि काहींना तिथेच कळतं की अरे, माणसाबद्दल काहीही ठामपणे म्हणायचं असेल तर असंच मोजावं लागतं, आणि ती मुलं मग सोडतच नाहीत.

माझं आवडवाल्यांशी भांडण आहे ते इथे. "तुझी पॅशन शोध" असं आपण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला म्हणतो, जणू ती त्याच्या आत तयार होऊन पडलेली आहे आणि फक्त सापडायची बाकी आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या तीन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये यावर काही प्रयोग छापले. त्यातल्या एकात मुलांना आधी कृष्णविवरांबद्दल स्टीफन हॉकिंग यांच्या कल्पना सांगणारा एक सोपा, मजेदार व्हिडिओ दाखवला, तो बघून बहुतेकांना विषय एकदम आवडला. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड ही ठरलेलीच असते, ती फक्त सापडावी लागते असं ज्यांचं मत होतं त्यांची आवड लेख वाचताना जास्त जोरात घसरली, आणि आवड ही करत करत वाढते असं मानणाऱ्यांची त्यामानाने टिकली. मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही कारण हे वर्गात दर वर्षी होतं, पहिला अवघड चॅप्टर आला की "बहुतेक ही माझी पॅशन नाहीये मॅम" असं म्हणणारं कुणी ना कुणी असतंच, आणि बिचाऱ्याचा दोष नसतो, त्याला लहानपणापासून असंच सांगितलंय की आवडत्या गोष्टीत कष्ट जाणवत नाहीत. जाणवतात हो. भरपूर जाणवतात.

शिवाय त्या वयात आपल्याला काय जमेल याचा अंदाजही कच्चा असतो. अमेरिकेत केंटकीमध्ये बेरिया कॉलेज म्हणून एक कॉलेज आहे, तिथे ट्यूशन फी घेत नाहीत, मुलं बहुतेक गरीब घरातली. राल्फ आणि टॉड स्टाइनब्रिकनर यांनी तिथल्या मुलांना पहिल्या दिवसापासून वारंवार विचारत विचारत त्यांचा माग काढला, ते संशोधन २०१४ मध्ये आलं. सुरुवातीला सायन्स आणि गणिताकडे ओढा असलेली मुलं भरपूर होती, शेवटी त्यात पदवी घेणारी फारच कमी उरली. कारण काय, तर आपल्याला त्यात मार्क किती पडतील याचा त्यांचा सुरुवातीचा अंदाज फारच वरचा होता, आणि पेपर हातात आले तसा तो खाली आला. म्हणजे बदल झाला तो प्रत्यक्ष काम करून बघितल्यावर. आता ज्या मुलाला असा बदल करायची मुभा नसते, पहिल्या दिवशी ठरलं ते ठरलं, त्याचं काय होतं याचा विचार करा.

आता पगाराचं. पगार बघणं यात मला काहीही कमीपणा वाटत नाही, हे आधीच स्पष्ट लिहिते, कारण आवडीवर लिहिणारे बरेच लोक पगाराचं नाव घेतलं की तोंड वाकडं करतात. विषयाने कमाईत फरक पडतो आणि तो छोटा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमध्ये अर्थशास्त्र घ्यायला सुरुवातीच्या पेपरांत चारपैकी २.८ ग्रेड पॉइंटची अट होती. जेमतेम वर राहिलेल्यांना अर्थशास्त्र मिळायचं, जेमतेम खाली राहिलेल्या बऱ्याच जणांना दुसरा विषय घ्यावा लागायचा, म्हणजे दोन्ही गट तसे सारख्याच कुवतीचे. झॅकरी ब्लीमर आणि आशिष मेहता यांनी २०२२ मध्ये या दोन गटांची तुलना छापली, तर अर्थशास्त्र मिळाल्यामुळे नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली कमाई वर्षाला सुमारे २२ हजार डॉलरने, म्हणजे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. "मनापासून केलं तर पैसा आपोआप येतो" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी हा आकडा विसरू नये. मुलाला असं सांगणं म्हणजे त्याच्यापासून माहिती लपवणं आहे, आणि ते मला पटत नाही.

पण पगार बघणारे तरी पगार नीट बघतात का? न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांना मॅथ्यू विस्वॉल आणि बासित झफर यांनी विचारलं की अमुक विषयातली पदवी असलेले लोक सरासरी किती कमावतात, तर उत्तरं चांगलीच चुकीची आली. खरे आकडे दाखवल्यावर मुलांनी स्वतःबद्दलचे अंदाज बदलले, काहींचा विषयाचा विचारही बदलला. त्यातली माझ्या कामाची गोष्ट ही की एवढं करूनही निवडीत सगळ्यात मोठा वाटा विषयाच्या आवडीचाच निघाला. म्हणजे मुलं आवडीवरच ठरवतात, पगाराचा आकडा ऐकीव असतो, आणि आवडही बहुतेक वेळा नावाचीच असते. सगळा निर्णय असा अर्धवट माहितीवर उभा.

आणि सरासरी हा माझा धंद्याचा विषय असल्यामुळे मला इथे थोडं जास्त बोलू द्या. "या कोर्सचं ॲव्हरेज पॅकेज इतकं" हे वाक्य ऐकलं की मी लगेच विचारते, मधल्या मुलाला किती मिळालं? सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर जो बरोबर मध्यावर उभा राहील तो. दोन-चार जणांना अवाढव्य ऑफर आली की सरासरी वर जाते आणि मधला होता तिथेच असतो. आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते त्या सरासरीत धरले होते का हेही विचारायचं, कारण बऱ्याचदा ज्यांना नोकरी लागली फक्त त्यांचीच सरासरी काढलेली असते. पालकांना हे कळत नाही असं नाही, दोन मिनिटांत कळतं, फक्त विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

शिवाय आज दिसणारा पगार हा आजचा असतो आणि मूल बाहेर पडणार तीन-चार वर्षांनी. रिचर्ड फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच इंजिनियरांबद्दल हे मांडलं होतं, पगार वाढले की मुलं लोंढ्याने त्या लाइनला जातात, ती सगळी एकदम पदवी घेऊन बाहेर पडतात, तोवर बाजारात गर्दी होते, पगार थंडावतात, मग पुढच्या बॅचेस पाठ फिरवतात आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई. २००० च्या सुमारास डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटल्यावर अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सला जाणारी मुलं कितीतरी वर्षं कमी होत गेली आणि नंतर पुन्हा रांगा लागल्या. आता बघा, न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक नव्या पदवीधरांचे विषयवार आकडे देते, २०२५ मध्ये आलेल्या तक्त्यात कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची बेकारी ६.१ टक्के, कॉम्प्युटर इंजिनियरिंगची ७.५, आणि कलेचा इतिहास शिकलेल्यांची ३ टक्के. हे आकडे सोशल मीडियावर खूप फिरले, बघा आर्टवाले जिंकले म्हणून. त्याच तक्त्यात शेजारी दुसरा कॉलम आहे, पदवी लागतच नाही अशा नोकरीत किती जण आहेत याचा, तो मात्र फारसा फिरला नाही. त्यात कलेच्या इतिहासवाले जवळपास निम्मे आहेत आणि कॉम्प्युटर सायन्सवाले साधारण सहातला एक. म्हणजे पहिला कॉलम वाचून एक बाजू खूश आणि दुसरा वाचून दुसरी, आणि दोन्ही मिळून वाचणारं कुणी नाही.

आणखी एक, सुरुवातीचा पगार आणि पुढचा पगार या वेगळ्या गोष्टी आहेत. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी २०२० मध्ये दाखवलं की कॉम्प्युटर, इंजिनियरिंग अशा विषयांना इतरांपेक्षा जे जास्तीचं मिळतं ते नोकरीच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त असतं आणि पहिल्या दहाएक वर्षांत तो फरक निम्म्याहून जास्त कमी होतो. पगार घटतो असं नाही, बाकीचे जवळ येतात. कारण तिथलं शिकलेलं लवकर जुनं होतं, आज जे टूल येतं म्हणून नोकरीवर घेतात ते पाच वर्षांनी कुणी विचारत नाही, मग पुन्हा शिका, पुन्हा शिका. ज्याला शिकत राहायला आवडतं त्याला हे चालतं, काहींना तर तेच हवं असतं, पण जो फक्त पॅकेजसाठी आत आला आणि आता सुटलो असं समजला त्याची तिशीतच दमछाक होते. माझे जुने विद्यार्थी भेटतात तेव्हा मला हे त्यांच्या बोलण्यात ऐकू येतं. पगाराबद्दल तक्रार नसते, "आता परत नवीन काय शिकायचं मॅम" ही असते.

आवडवाल्या बाजूला जी उदाहरणं दिली जातात त्याबद्दलही बोलायलाच हवं. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि बेचाळिशीत पूर्णवेळ नाटकात आले, रशियन लेखक चेकॉव्ह डॉक्टर होता, ही नावं प्रत्येक भाषणात येतात. थोर माणसं, प्रश्नच नाही. पण लागूंच्या हातात आधी एक चालतं काम होतं आणि चेकॉव्ह डॉक्टरकी सांभाळतच लिहीत होता, हे भाषणात गाळलं जातं. आणि नाटकासाठी सगळं सोडून आलेले, ज्यांचं पुढे काही झालं नाही, त्यांना भाषणात कुणी बोलवत नाही, त्यामुळे ते आपल्या मोजणीतच येत नाहीत. फक्त टिकलेले मोजले की कुठलाही धोका छोटाच दिसतो, हे मी वर्गात ज्या पोटतिडकीने शिकवते त्याच पोटतिडकीने इथे लिहितेय.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो, घरची परिस्थिती. जेसी रोथस्टाइन आणि सीसिलिया राउझ यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाचा अभ्यास केला, तिथे मुलांना कर्जाऐवजी थेट मदत द्यायला सुरुवात झाली होती, म्हणून कर्ज असलेल्या आणि नसलेल्या मुलांची तुलना करता आली. कर्ज डोक्यावर असलेली मुलं जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे गेली आणि कमी पगाराच्या पण समाजोपयोगी कामांकडे, शिक्षकीसारख्या कामांकडे, कमी गेली. मुलं तीच, हुशारी तीच, फरक कर्जाचा. म्हणून ज्याच्या पगारावर उद्या घर चालणार आहे, धाकट्यांची शिक्षणं होणार आहेत, त्या मुलाला "पॅशन फॉलो कर" असं स्टेजवरून सांगणं मला अन्याय वाटतो. तो पगार बघतो तेव्हा तो घराचा विचार करत असतो, आणि त्यात पॅशनवाल्या मुलापेक्षा तसूभरही कमी मोठेपणा नाही.

पण याच्या उलट घरंही मी बघते. कर्ज नाही, कुणी अवलंबून नाही, दहा वर्षं मुलाने कमी कमावलं तरी कुणाचं अडणार नाही, आणि तरी "लोक काय म्हणतील" यासाठी मुलाला पाच-सहा वर्षं नको त्या लाइनला जुंपलेलं असतं. अशा घरात पगाराचं नाव फक्त पुढे केलेलं असतं. माझी पालकांना कळकळीची विनंती आहे की मुलासमोर आकडे उघड करा. आपल्यावर कर्ज किती, तुझ्याकडून आम्हाला महिन्याला काही लागणार आहे का, लागणार असेल तर कधीपासून, आणि शिकायला किती वर्षं आपण थांबू शकतो. बहुतेक घरांत मुलाला यातलं काहीही माहीत नसतं. मग तो एकतर उगाच घाबरून स्वतःची आवड मारतो, नाहीतर घरच्यांच्या गळ्याशी आलेलं असताना सगळ्यात महागडा कोर्स मागतो. हे बोलणं अवघड असतं हे मला कळतं, वडिलांना कमीपणा वाटतो, आईला वाटतं पोराच्या डोक्यावर ओझं नको, पण त्याला काही कळतच नाही असं समजू नका, त्याला काहीतरी कळलेलं असतंच आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

मुलांना मी काय सांगते तेही लिहिते. कोर्सचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षाचा पेपर मिळवा, उत्तरं येणार नाहीत, येऊ नयेतच, फक्त हे प्रश्न सुटेपर्यंत बसून राहावंसं वाटतं का ते बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलाला "कसं आहे" असं विचारू नका, सगळे "मस्त आहे" म्हणतात, त्याला विचारा की मागच्या आठवड्यात सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं होतं आणि ते किती तास चाललं. तो कंटाळा तुम्हाला सोसेल का हे बघा, कारण चकचकीत भाग सगळ्यांनाच सोसतो. ज्या लाइनला जायचंय तिथल्या एखाद्या माणसाच्या ऑफिसात, लॅबमध्ये, स्टुडिओत एक पूर्ण दिवस जा, सकाळपासून, आणि मोबाइल बॅगेत ठेवा. लोक नाही म्हणत नाहीत, विचारलं तर आनंदाने बसवून घेतात. आणि एक विषय आवडीचा, एक कामाला येणारा असं जिथे जोडून घेता येतं तिथे जरूर घ्या, साहित्याबरोबर थोडं संख्याशास्त्र किंवा इंजिनियरिंगबरोबर थोडी डिझाइन. न्यूयॉर्क फेडच्याच जेसन एबल आणि रिचर्ड डाइट्झ यांना २०१० च्या अमेरिकन आकडेवारीत दिसलं की पदवीच्या विषयाशी थेट संबंध असलेल्या नोकरीत फक्त २७ टक्के पदवीधर होते. बाकीचे काही उपाशी नव्हते, दुसरीकडे रुळले होते. त्यामुळे सतरा-अठराव्या वर्षी घेतलेला विषय म्हणजे जन्माची गाठ असं समजून घरात जी युद्धं होतात ती निम्म्याने तरी कमी व्हायला हरकत नाही.

कॉलेजांकडूनही मला एक हवंय. पहिलं वर्ष संपताना विषय बदलायची सोय कागदावर असली तरी प्रत्यक्षात तिथे इतके फॉर्म, इतक्या सह्या आणि इतके टोमणे असतात की मूल नको म्हणतं. बेरियाच्या मुलांनी विषय बदलला कारण त्यांना पेपर बघून बदलता आला. पहिल्या वर्षात कळलेली गोष्ट पहिल्याच वर्षात वापरता यायला हवी, आणि बदलणाऱ्या मुलाला "जमलं नाही" अशी नजर मिळता कामा नये, निदान आम्हा शिक्षकांकडून तरी.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणी. ॲडमिशनच्या दिवसांत पेपरात कोर्सेसच्या याद्या येतात, कटऑफ येतात, टॉपरच्या मुलाखती येतात. त्याबरोबर रोज एक छोटा कॉलम द्या, त्यात एका दिवशी एका लाइनमधल्या साध्या, चारचौघांतल्या माणसाने (टॉपर नको, प्रसिद्ध नको) लिहायचं की मागच्या मंगळवारी सकाळी कामावर गेल्यापासून घरी येईपर्यंत मी काय काय केलं. कुठलं काम किती तास, त्यातलं काय बरं वाटलं, काय कंटाळवाणं झालं, सुरुवातीला पगार किती होता आणि दहा वर्षांनी किती आहे. नाव छापू नका म्हणजे लोक खरं लिहितील. नर्स, फार्मासिस्ट, ध्वनिमुद्रण करणारा, अकाउंटंट, सर्व्हेयर, अनुवादक, लॅब असिस्टंट, मुलांचे समुपदेशक, जे कधीच पेपरात येत नाहीत अशांना आधी विचारा. पहिला मजकूर मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवतेय, माझ्या मागच्या मंगळवारचा, दोन लेक्चर, एक मीटिंग, सत्तरएक पेपर तपासणं आणि पगाराचे दोन्ही आकडे. तो आवडला नाही तर दुसऱ्या कुणाचा छापा, पण ॲडमिशनच्या तारखा संपायच्या आत छापा.

आपली,
एक नियमित वाचक आणि संख्याशास्त्राची शिक्षिका